चार रुपये पगाराचा गोलंदाज



या व्यासपीठावरून आपण संतवाङ्मय ऐकले, नाटकांवरची रसाळ भाषणे ऐकली. आमच्यासारख्या माणसाला चालकांनी बोलावले तेव्हा आम्ही त्यांना स्पष्टच विचारले, की आम्ही कॉलेजचे तोंड पाहिलेले नाही. मालधक्क्यावर आणि बाजार समितीच्या आवारात हमालांच्या सभा घेण्यात आमचा जन्म गेला. आमच्याकडून काय ऐकणार? ते म्हणाले, “भाऊ, तुम्हाला जे सांगावेसे वाटते ते सांगा.” म्हणून आज आम्ही एका खेळाडूविषयी बोलणार आहोत. परंतु खेळाविषयी बोलता बोलता आम्ही मजुरीच्या वाटेला लागलो, तर आपण आश्चर्य मानू नये. मोरीकडे जायची सवय असलेला बैल त्याच वाटेने जायचा.

विषय कसा सुचला ते आधी सांगतो. स्टेशनाजवळच्या चहाच्या दुकानात एक कॉलेजचा तरुण मोबाईलवर अमेरिकेतला फुटबॉल पाहत बसला होता. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो हा नव्हे. यात पायाचे काम पळण्याचे, आणि चेंडू काखेत. अकरा माणसे इकडे, अकरा तिकडे. त्यांतला एक गडी चेंडू छातीशी धरून समोरच्या भिंतीत शिरतो, आणि समोरचे आडदांड गडी त्याला जमिनीवर आपटतात. उठला की पुन्हा शिरायचे. या गड्याला तिकडे रनिंग बॅक म्हणतात. आपल्या कबड्डीतला चढाई करणारा गडी डोळ्यांपुढे आणा. फरक इतकाच, की याची चढाई एकट्याने शिवून परत येण्याची नाही, अंगावर मार घेत पुढे जाण्याची आहे. तो तरुण आम्हाला म्हणाला, “काका, याला कोट्यवधी रुपये मिळतात.” आम्ही विचारले, “किती वर्षे मिळतात?” त्याला सांगता येईना. आम्ही घरी येऊन वाचायला घेतले.

वाचले ते असे. या जागेवर खेळणाऱ्या गड्याचे धंद्यातले आयुष्य सरासरीने तीन वर्षांच्या आसपास. टेक्सासमध्ये गुलाबाच्या शेतात राबणाऱ्या घरात, अकरा भावंडांत वाढलेला अर्ल कॅम्पबेल हा त्यांतला मोठा गडी. 1978 पासून 1985 पर्यंत तो खेळला, सारा देश त्याच्या नावाने नाचला. पुढे त्याची पाठ आणि पाय असे गेले, की चालायला आधार आणि बसायला चाकाची खुर्ची लागू लागली. हे वाचले आणि आम्हाला आमच्या धंद्यातला एक माणूस आठवला.

पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. एका जिनिंग कारखान्यात एक तरुण होता. कापसाच्या गाठी हलवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. कारखान्याच्या कबड्डी संघातही तोच पहिला. मालक पाहुण्यांना त्याची ओळख करून देत, सामना जिंकला की खिशात नोट कोंबत. एका सामन्यात त्याचा गुडघा निसटला. पुढच्या हंगामात त्याचे नाव हजेरीपटावर नव्हते. आम्ही भांडायला गेलो, तर उत्तर मिळाले, की तो कामावर पडला नाही, खेळात पडला, आमची जबाबदारी नाही. आम्हाला उत्तर सुचले नाही. तो मात्र आमच्याच अहिराणीत एवढेच बोलला, “भाऊ, जवलगून आंग शे, तवलगून मान शे.” जोवर अंग आहे तोवर मान आहे. हे वाक्य आमच्या मनातून गेलेले नाही. आजचे व्याख्यान म्हणजे त्या वेळी न सुचलेल्या उत्तराचा शोध आहे, असे समजा.

आणि तो शोध घेताना अमेरिकेपर्यंत जाण्याची गरज नव्हती. आपल्या महाराष्ट्रातच, सव्वाशे वर्षांपूर्वी, अंग हेच ज्याचे भांडवल होते असा एक खेळाडू होऊन गेला. त्याचे नाव बाळू बाबाजी पळवणकर. क्रिकेटच्या कागदांत त्याला पी. बाळू म्हणत.

पळवण हे रत्नागिरीकडचे गाव, त्यावरून आडनाव. घराणे चर्मकार समाजाचे. वडील लष्कराच्या नोकरीत. बाळूचा जन्म 1876 साली धारवाडला झाला आणि बाळपण पुण्याच्या लष्करी वस्तीत गेले. साहेब लोकांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू घेऊन ही पोरे खेळत. पुढे बाळूला पहिली नोकरी लागली ती पारशी मंडळींच्या क्रिकेट क्लबात. काम काय? मैदान झाडायचे, खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, अधूनमधून सभासदांना चेंडू टाकायचे. पगार दरमहा तीन रुपये.

1892 च्या सुमारास तो पूना क्लबात गेला. हा क्लब गोऱ्या साहेबांचा. पगार चार रुपये. रोलर फिरवायचा, आखणी करायची, जाळी लावायची, आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करायची. त्या साहेबांत कॅप्टन ग्रेग हा फार नावाजलेला फलंदाज. तो रोज आधी येई आणि बाळूकडून तासन् तास चेंडू टाकून घेई. असे सांगतात, की बाळूने आपल्याला बाद केले की दर वेळी आठ आणे द्यायचे असे ग्रेगने ठरवले होते. मंडळी, हिशेब करून पाहा. आठवड्यातून दोनदा बाद केले तर महिन्याचे चार रुपये. म्हणजे पगाराइतकीच वरकमाई! आम्ही कामगारांत ज्याला नगावर मजुरी म्हणतो, ती ही.

पण या व्यवस्थेतली एक गोष्ट नीट पाहण्याजोगी आहे. तिथे बाळूच्या हाती कधी बॅट दिली जात नसे. फलंदाजी हे साहेबाचे काम, गोलंदाजी हे नोकराचे. एकाने ऐटीत उभे राहून टोलवायचे, दुसऱ्याने घाम गाळीत पुन्हा पुन्हा टाकायचे. खेळाच्या मैदानावरसुद्धा मालक आणि मजूर असे दोन भाग पडलेले होते. तथापि मजुरी करता करता मजूर जे शिकतो, ते मालकाला शिकता येत नाही. रोज शेकडो चेंडू टाकून त्या डावऱ्या हाताला जी फिरकी आली, तिच्यापुढे पुढे विलायतेतले फलंदाज गांगरले.

आता गंमत पाहा. त्या वेळी पुण्यातल्या हिंदू क्लबाला गोऱ्यांना हरवण्याची ईर्षा होती. गोऱ्यांचा सर्वांत चांगला गोलंदाज कोण, तर त्यांचाच चार रुपयांचा नोकर, आणि तो हिंदू. पण तो अस्पृश्य! मंडळींत वाद माजला. एका बाजूला शिवाशिव, दुसऱ्या बाजूला जिंकण्याची इच्छा. शेवटी इच्छा जिंकली, परंतु शिवाशिव हरली नाही. बाळूला संघात घेतले. मैदानात त्याने टाकलेला चेंडू सगळे हातात घेत. पण चहाची वेळ झाली की मंडपात इतरांना चिनीमातीचे कप, आणि बाळूला मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात चहा. जेवणाचे ताट वेगळे, जागा वेगळी.

आम्ही हे वाचले तेव्हा राग आला, आणि मग लाजही वाटली. कारण आपल्याकडे कित्येक ठिकाणी हमालाला पाणी पिण्यासाठी वेगळा पेला ठेवलेला आम्ही या डोळ्यांनी पाहिला आहे. त्याच्या पाठीवरून आलेले धान्य चालते, त्याचा हात लागलेला पेला चालत नाही!

पुढे साताऱ्याला गोऱ्यांच्या संघाला बाळूच्या गोलंदाजीवर पुण्याच्या हिंदूंनी हरवले. तेव्हा न्यायमूर्ती रानड्यांनी मंडळींना सुनावले, की ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर जेवायला काय हरकत? लोकमान्य टिळकांनीही बाळूचा गौरव केला, असे नमूद आहे. मोठ्यांच्या शब्दाने थोडी वाट झाली. पण आमच्या मते खरी वाट केली ती बळींच्या आकड्यांनी.

1896 साली प्लेग आला. पुण्याहून पळवणकर मंडळी मुंबईला गेली. बाळू काही काळ पलटणीत होता, मग बी. बी. सी. आय. रेल्वेत नोकरीला लागला. आपल्या शिंदखेड्यावरून जाणारी सुरतेची तापी खोऱ्याची गाडी, ती रेल्वे चालवण्याचे कामही याच बी. बी. सी. आय. कडे होते. तेव्हा हा माणूस आपल्याच लोहमार्गाचा चाकर होता असे म्हटले, तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. नोकरी रेल्वेची, सामने रेल्वेच्या संघाकडून, आणि मोठे सामने मुंबईच्या हिंदू जिमखान्याकडून. मागून धाकटे भाऊ शिवराम, गणपत आणि विठ्ठल हेही त्याच मैदानात उतरले. एका घरचे चार गडी!

1906 च्या फेब्रुवारीत मुंबईला हिंदू आणि युरोपियन यांचा सामना झाला. हिंदूंनी 109 धावांनी जिंकला. बाळूने दोन्ही डावांत मिळून आठ गडी बाद केले. बंगालच्या फाळणीचे, स्वदेशीचे ते दिवस. राज्य करणाऱ्यांना त्यांच्याच खेळात हरवले म्हणून सगळीकडे आनंद झाला. त्या आनंदात किती जणांनी विचार केला असेल, की हा विजय आपल्याला कोणाच्या हाताने मिळाला? काहींनी केला, हे खरे. वर्तमानपत्रांत तशी चर्चाही झाली. दुसऱ्या वर्षी पुन्हा विजय. मग 1911 साली हिंदुस्थानचा पहिला सर्व जमातींचा संघ विलायतेस गेला. कर्णधार पतियाळाचे महाराज. महाराजांना राज्यारोहणाचे समारंभ आणि मेजवान्या होत्या. ते खेळले थोडे. बाळूला मेजवान्या नव्हत्या. तो टाकीत राहिला. वय पस्तीस, खांदा दुखतो आहे, परका देश, थंड हवा. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध 103 धावांत आठ गडी. लेस्टरशायरविरुद्ध संघाचा पहिला मोठा विजय झाला तेव्हा याचे अकरा गडी. सगळ्या दौऱ्यात मिळून 114 गडी, आणि एका गड्यामागे एकोणीस धावांहूनही कमी! संघ बहुतेक सामने हरला, पण बाळूचे नाव झाले. लोक त्याला हिंदुस्थानचा ऱ्होड्स म्हणू लागले; विल्फ्रेड ऱ्होड्स हा त्या वेळचा यॉर्कशायरचा थोर डावरा गोलंदाज.

परत आल्यावर मुंबईत दलित समाजाने त्याचा सत्कार केला. त्या सत्काराचे मानपत्र एका तरुण विद्यार्थ्याने तयार केले होते, असे सांगतात. त्या विद्यार्थ्याचे नाव भीमराव आंबेडकर.

मंडळी, येथवरची कथा पराक्रमाची झाली. पराक्रमाच्या कथा सांगायला सोप्या असतात. अवघड भाग पुढे आहे.

संघातला सर्वांत अनुभवी, सर्वांत यशस्वी खेळाडू कोण? बाळू. मग कर्णधार कोण? बाळू नव्हे. वर्षामागून वर्षे गेली, कर्णधारपद दुसऱ्याकडे जात राहिले. 1913 साली एम. डी. पै यांना कर्णधार केले, तेव्हा त्या सज्जन माणसाने जाहीरपणे सांगितले, की हा मान ज्येष्ठ म्हणून बाळूला मिळायला हवा होता. बोलणाऱ्याचे मन मोठे; निवड करणाऱ्यांचे मन होते तेवढेच राहिले. म्हणजे घाम चालतो, हुकूम चालत नाही. हा नियम आम्हा कामगारांना कोणी पुस्तकातून शिकवावा लागत नाही. यंत्र चालवणारा वीस वर्षांचा अनुभवी, आणि त्याच्यावर देखरेख करायला मालकाचा भाचा!

1920 साली हे गळू फुटले. त्या वर्षी बाळूला संघातूनच वगळले होते. पै पहिल्या सामन्याला नव्हते, तर कर्णधारपद देवधरांना दिले. तोवर विठ्ठल आणि शिवराम हे दोघे भाऊ संघाचे आधारस्तंभ झालेले होते, आणि दोघेही ज्येष्ठ. त्यांनी काय केले? त्यांनी संघातून अंग काढून घेतले आणि जाहीर निवेदन काढले, की जातीमुळे आम्हाला डावलले जाते, हा अपमान आम्ही सोसणार नाही.

आमच्या भाषेत याला संप म्हणतात. मागणी एकच, आणि तीत पगाराचा एक पैसाही नाही, मागणी मानाची. आमच्या तीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो, पैशासाठी झालेले संप तडजोडीत मिटतात, मानासाठी झालेले संप माणसाला बदलून टाकतात. शहरात चर्चा झाली, लोक भावांच्या बाजूने उभे राहिले. पुढच्या सामन्यासाठी पै परतले, बाळूला संघात घेऊन उपकर्णधार केले, भाऊही खेळायला आले. आणि त्या सामन्यात पै काही वेळ मुद्दाम मैदानाबाहेर गेले, एवढ्यासाठी की बाळूने संघाचे नेतृत्व करावे. काही वेळ का होईना, पण जो रोलर ओढीत होता, त्याने गोलंदाज कोण, क्षेत्ररक्षक कुठे, हे ठरवले.

तीन वर्षांनी, 1923 साली, धाकटा भाऊ विठ्ठल रीतसर कर्णधार झाला आणि त्या वर्षी हिंदूंनी स्पर्धा जिंकली. थोरल्याने पेरले ते धाकट्याच्या हाती आले. विठ्ठलने पुढे ‘माझे क्रीडा-जीवन’ नावाचे आत्मचरित्र मराठीत लिहिले, ते 1948 साली निघाले.

आता थोडे अमेरिकेकडे वळू, कारण काळ तोच आहे. तिकडचा फ्रिट्झ पोलार्ड हा काळा गृहस्थ, अंगाने लहानखुरा, पण रनिंग बॅकच्या जागेवर विजेसारखा. 1920 साली त्याच्या अ‍ॅक्रन गावच्या संघाने धंदेवाईक फुटबॉलचे पहिले अजिंक्यपद मिळवले, आणि 1921 साली त्याच्याकडे संघाच्या मार्गदर्शकाचे काम आले. इकडे बाळूचे भाऊ संप करतात, तिकडे पोलार्ड गोऱ्या गड्यांना हुकूम देतो. पण तिकडचे दार पुढे बंद झाले. 1934 पासून 1945 पर्यंत त्या मोठ्या संघटनेत एकही काळा खेळाडू घेतला नाही. 1946 साली लॉस एंजेलिसचे सार्वजनिक मैदान वापरायचे, तर काळ्या खेळाडूंना घ्या, असा दबाव लोकांनी आणला, तेव्हा केनी वॉशिंग्टन या गड्याला घेतले. तोवर त्याची ऐन जवानी गेली होती, गुडघे जायबंदी झाले होते. तीन हंगाम खेळून तो थांबला. म्हणजे उशिरा दिलेला न्याय कोणाच्या गुडघ्यांतून वसूल होतो, ते पाहा.

तथापि तिकडच्या खेळाडूंनी एक काम केले, ते आपण मनावर घेण्याजोगे आहे. 1956 साली त्यांनी आपली संघटना काढली. पहिल्या मागण्या काय होत्या? स्वच्छ कपडे, किमान पगार, आणि खेळताना जायबंदी झाल्यास पगार चालू राहावा. मंडळी, हमालांच्या मागण्या याहून वेगळ्या काय असतात? 1982 साली या खेळाडूंनी सत्तावन्न दिवस संप केला. त्या हंगामात प्रत्येक संघाला जेमतेम नऊ सामने खेळता आले. लाखांनी कमावणारे गडी संप करतात याचे तिकडे कित्येकांना हसू आले. आम्हाला आले नाही. ज्याची कमाई तीन वर्षांची, त्याला पुढच्या तीस वर्षांची काळजी असते.

आपल्याकडेही 1969 साली महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. ओझे वाहणाऱ्याला मंडळात नोंद, भविष्यनिर्वाह निधी, रजा, अपघाताची भरपाई, हे हक्क म्हणून मिळावेत असा त्याचा हेतू. तो कायदा कोणी खिशात नोट कोंबावी तसा दिलेला नाही. माथाड्यांनी एकत्र येऊन तो मिळवला. सर्वत्र तो नीट पाळला जातो असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही; तो पाळला जावा म्हणूनच आमची पायपीट चालू आहे.

बाळूच्या उत्तर आयुष्याविषयी दोन शब्द. तो सार्वजनिक कामात पडला. 1932 च्या पुणे कराराच्या वाटाघाटींत होता, करारावर त्याची सही आहे. आणि 1937 च्या निवडणुकीत मुंबईत काँग्रेसने त्याला उभे केले ते डॉ. आंबेडकरांच्या विरुद्ध. आंबेडकर स्वतंत्र मजूर पक्षाकडून उभे होते. त्यांना 13,245 मते पडली, बाळूला 11,225. बाबासाहेब विजयी झाले ते योग्यच झाले, असे आमच्यासारख्या मजूरपक्षपाती माणसाला वाटते. पण ज्याच्या मानपत्राला एकाने हात लावला, ते दोघे समोरासमोर उभे राहावेत, याचे दुःखही वाटते. ही पाळी कोणी आणली, याचा विचार आपण करावा. 1955 च्या 4 जुलैला बाळू मुंबईत वारला. मोठ्या सामन्यांत 179 गडी, एका गड्यामागे पंधरा धावांच्या आसपास. हा त्याचा हिशेब पुस्तकांत राहिला.

कोणी म्हणेल, बाळूला कीर्ती मिळाली, सत्कार झाले, आणखी काय हवे? आम्ही म्हणतो, कीर्ती ही बक्षिसी आहे. बक्षिसी देणाऱ्याच्या मर्जीवर असते. आज आठ आणे, उद्या काही नाही. हक्क मर्जीवर नसतो. ग्रेगचे आठ आणे आणि भावांचे निवेदन, यांत आम्हाला विचाराल तर निवेदन मोलाचे. आठ आण्यांनी एक गोलंदाज जगला. निवेदनाने पुढच्या गोलंदाजाला कर्णधार होता आले.

आणि त्या जिनिंगमधल्या गड्याला आज आमचे उत्तर असे आहे. गड्या, तू म्हणालास ते जगाची रीत म्हणून खरे, पण न्याय म्हणून खोटे. अंग आहे तोवर मान, हा सौदा मालकाने केला. तो आपण मान्य करायचे कारण नाही. ज्या अंगाने कमावून दिले, ते अंग थकल्यावरही त्या कमाईत त्याचा वाटा आहे. खेळात मोडलेला गुडघा आणि कामात मोडलेला गुडघा यांत भेद करणारा मालक जिंकल्याचा आनंद मात्र भेद न करता घेतो. हे त्या दिवशी आम्हाला बोलता आले नाही. आज या सभेत बोललो. तो तरुण आता म्हातारा झाला आहे, गावी असतो. परवा त्याला भेटून आम्ही ही सारी हकीकत सांगितली. बाळूला बॅट देत नसत, हे ऐकून तो बराच वेळ गप्प राहिला. मग त्याने एकच विचारले, “मग शेवटी दिली का?”

दिली, बंधूंनो. पण कोणी होऊन दिली नाही. येत्या हंगामात बाजार समितीच्या आवारात हमालांचा पाण्याचा वेगळा पेला कुठे दिसला, तर या सभेतल्या प्रत्येकाने तो उचलून आधी स्वतः पाणी प्यावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.